बदलून बघू

"बदलून बघू" हे आपल्याकडच्या गॅरेजमधलं सध्याचं सगळ्यात महाग वाक्य आहे, असं माझं गेली काही वर्षं ठाम मत होत चाललंय. ऐकायला किती साधं वाटतं! मिस्त्री बॉनेटला टेकून उभा असतो, हातातल्या स्कॅनरच्या पडद्याकडे बघत म्हणतो, "तीन नंबरच्या इंजेक्टरचा कोड आलाय साहेब. इंजेक्टर बदलून बघू." आपणही मान डोलावतो. खुद्द कॉम्प्युटरने सांगितलंय म्हटल्यावर आपण कोण शंका घेणार? इंजेक्टर बदलला जातो, बिल होतं, गाडी झकास पळते. पंधरा दिवस. मग पुन्हा तो पिवळा दिवा आणि पुन्हा तेच वाक्य. फक्त पार्टचं नाव नवं.

मी काही मेकॅनिक नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्समध्ये काढली, म्हणजे यंत्र बंद पडलं की ते का बंद पडलं हे शोधून काढणं हाच पोटापाण्याचा धंदा. तिथे एक सवय लागली ती कायमची: मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. निवृत्तीनंतर हा किडा घरच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांकडे वळला (आमच्या सौ.च्या मते तो कुठेही वळला असता तरी त्रास तोच). त्यामुळे आजचं लिखाण जरा तांत्रिक होणार आहे. पण घाबरू नका, शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडचं गणित यात नाही.

तर इंजेक्टर म्हणजे काय? पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी बसवलेला एक छोटा विजेवर चालणारा नळ. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून करंट गेला की चुंबक तयार होतं, सुई उचलली जाते, दाबाखालचं पेट्रोल फवाऱ्यासारखं आत जातं. करंट तोडला की स्प्रिंग सुई खाली दाबते आणि नळ बंद. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा उघडतो, आणि प्रत्येक वेळी जेमतेम तीनेक मिलिसेकंद उघडा राहतो. तेवढ्यात काय ते.

आता वीज कशी येते ते बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. इंजेक्टरला दोनच वायरी. एका वायरीवर चावी फिरवली की बॅटरीचं व्होल्टेज येतं: बॅटरी, फ्यूज, रिले, मग वायरिंगच्या जुडग्यात कुठेतरी फाटे फुटून चारही इंजेक्टरांना. दुसरी वायर जाते गाडीच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे ईसीयूकडे. पुष्कळांना वाटतं की ईसीयू इंजेक्टरला वीज पाठवतो. तसं नाही. वीज कायमच इंजेक्टरपाशी येऊन थांबलेली असते. ईसीयू फक्त दुसऱ्या बाजूने अर्थ देतो, म्हणजे दार उघडतो, आणि तीन मिलिसेकंदांनी लावून घेतो.

एवढं लक्षात आलं की कोडचा खरा अर्थ कळतो. पी०२०३ हा कोड घ्या. त्याच्या मूळ नावात तीन नंबर सिलिंडरच्या इंजेक्टरचं 'सर्किट' असा शब्द आहे. इंजेक्टर खराब आहे असं तो कोड म्हणतच नाही! सर्किट म्हणजे अख्खी साखळी. फ्यूज, रिले, फाट्यावरचा जोड, कपलर, कपलरमधली पिन, वेटोळं, परतीची वायर, ईसीयूचा प्लग आणि ईसीयूच्या आतला तो दार उघडणारा ट्रान्झिस्टर. यात इंजेक्टर ही एक कडी झाली. ईसीयूला त्याच्या दारात उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो: इथे व्होल्टेज जसं असायला हवं तसं नाही. बाकीचं शोधणं माणसाचं काम. आणि नेमकं तेच काम आपण गाळून टाकलंय.

वास्तविक पहिला प्रश्न तर फुकटात सुटतो. दोष एकाच सिलिंडरचा आहे की चारही सिलिंडरांचा? चाळीत एकाच बिऱ्हाडाचा नळ कोरडा असेल तर त्या खोलीत शिरायचं, सगळ्यांचेच कोरडे असतील तर गच्चीवरची टाकी बघायची. चारही इंजेक्टर मुके असतील तर फ्यूज, रिले किंवा फाटे फुटण्याआधीची वायर. एकच असेल तर त्याचा स्वतःचा फाटा, त्याचा कपलर, त्याचं वेटोळं, त्याची परतीची वायर. इतक्या साध्या विचाराने अर्धी साखळी बाद होते, एक स्क्रूही न फिरवता.

दुसरी माझी आवडती तपासणी. सगळे इंजेक्टर जोडलेले ठेवायचे, चावी ऑन, इंजिन बंद. ईसीयूचा प्लग न काढता मागच्या बाजूने तीन नंबरच्या पिनवर मीटरची सुई टेकवायची. बॅटरीचं व्होल्टेज दिसलं पाहिजे. दिसलं, तर फ्यूज, रिले, येणारी वायर, वेटोळं आणि परतीची वायर यांपैकी काही पूर्ण तुटलेलं नाही, हे एका आकड्यात कळलं. नाही दिसलं, तर साखळी कुठेतरी तुटली आहे किंवा वायर बॉडीला चिकटून अर्थ झाली आहे. मग मधोमध, कपलरपाशी मोजायचं. पुन्हा अर्धी साखळी बाद. चार-पाच मोजमापांत तुम्ही चोराच्या दारात उभे असता. (परतीची वायर अर्थ झाली असेल तर जपून हं. चावी ऑन असेपर्यंत तो इंजेक्टर उघडाच राहतो आणि सिलिंडर पेट्रोलने भरत जातो. तशा गाडीला स्टार्टर मारत बसणं म्हणजे इंजिनाच्या जिवावर उठणं.)

इथपर्यंत सोपं आहे. पूर्ण तुटलेली वायर कुणालाही सापडते. खरा छळ असतो अर्धवट तुटलेल्या वायरीचा, आणि 'बदलून बघू'चं दुकान चालतं ते तिच्याच जिवावर.

समजा वायरीतल्या दहा तारांपैकी नऊ तुटल्यात, किंवा जोड कळकलाय. (तांब्याची भांडी पावसाळ्यात हिरवी पडतात ना, तेच. फरक इतकाच की भांड्याला चिंच लावता येते.) मल्टीमीटर लावला तर काय दिसेल? बारा व्होल्ट, अगदी स्वच्छ. कंटिन्युइटीला लावला तर टुणकन बीप वाजेल. दोन्ही तपासण्या पास! कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, आणि करंट वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही. बंद नळाच्या पाइपात दाब भरपूर दिसतो, पाइप आतून गंजून सुईएवढा उरला असला तरी. नळ उघडला की कळतं.

आता ओहमचा नियम. साध्या इंजेक्टरच्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असतो. १४ धरू. इंजिन चालू असताना व्होल्टेजही साधारण १४. म्हणजे करंट एक अँपिअर. आता वाटेत कळकलेल्या जोडाचे ५ ओहम घाला. करंट पाऊण अँपिअरच्याही खाली गेला आणि इंजेक्टरच्या वाट्याला चौदातले दहाच्या जरा वर व्होल्ट आले. इंजेक्टर उघडतो, पण उशिरा. मुळात उघडायलाच त्याला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि व्होल्टेज घटलं की तो वाढतो. बॅटरी उतरली असेल तर ईसीयू हा उशीर धरून पल्स लांबवतो, पण तो बघतो स्वतःपाशी आलेलं व्होल्टेज. तीन नंबरच्या वायरीत काय जळतंय ते त्याला कुठलं कळायला?

मग पुढचा खेळ बघा. तीन नंबरला पेट्रोल कमी मिळतं. चारही सिलिंडरांच्या धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर सहसा एकच असतो. तो म्हणतो, मिश्रणात पेट्रोल कमी आहे. ईसीयू भाबडेपणाने चारही इंजेक्टरांना जास्त पेट्रोल सोडायला सांगतो. आता तीन सिलिंडर गरजेपेक्षा जास्त पितात आणि एक उपाशीच. गाडी मिसिंग करते, ॲव्हरेज पडतं, आणि कोड येतो तो मिसफायरचा किंवा मिश्रण पातळ असल्याचा. इंजेक्टर सर्किटचा कोड बहुतेक वेळा येतच नाही, कारण पाच ओहमने ईसीयूच्या दारातलं चित्र फारसं बदलत नाही. स्कॅनर बघणारा म्हणतो, प्लग बदलून बघू, कॉईल बदलून बघू, सेन्सर बदलून बघू. चारही प्लग काढून ओळीने ठेवले असते तरी तीन काळे आणि एक पांढुरका बघून शंका यायला हवी होती. पण जुने प्लग बघतो कोण? नवे टाकायचेच असतात.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर माझ्या भाच्याचं उदाहरण सांगतो. तो चिपळूणला असतो. दहा वर्षांची पेट्रोल गाडी. कुंभार्ली घाट चढताना मिसिंग करायची, खाली मैदानात कधी करायची, कधी नाही. तिकडच्या एका गॅरेजने आधी प्लग बदलले, मग तीन नंबरची कॉईल, मग तीन नंबरचा इंजेक्टर. मिळून चौदा हजार. दर वेळी गाडी आठ-दहा दिवस उत्तम, मग येरे माझ्या मागल्या. एका शनिवारी गाडी घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "मामा, आता ते ईसीयू बदलून बघू म्हणतायत. विकून टाकू का?"

अंगणात बसलो. चारही इंजेक्टरांचा रेझिस्टन्स घेतला: १४.१, १४.२, १४.०, १४.२. झकास. चारही कपलरांवर चावी ऑन करून व्होल्टेज घेतलं: सगळीकडे १२.४. तेही झकास. इथेच थांबलो असतो तर ईसीयूवरच आळ आला असता. मग जुन्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घेतला, दोन वायरी डकवल्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कपलरच्या सप्लायच्या पिनला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे इंजेक्टरपेक्षा जास्तच. एक नंबर: लख्ख. दोन: लख्ख. चार: लख्ख. तीन नंबरला बल्ब तांबूस, मरगळलेला, आणि मीटरवर १२ च्या जागी ६ व्होल्ट. भाचा बघतच राहिला. मग फक्त तेवढ्या फाट्याची टेप सोडवत मागे गेलो. वीतभर अंतरावर सापडलं: कधीतरी उंदराने वायर कुरतडलेली, कुणीतरी दोन टोकांना पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेली, आणि आत कोकणातल्या पावसाळ्यांनी आपलं काम केलेलं. तारा हिरव्या-काळ्या. खराब तुकडा कापून नवी वायर घातली, झाळलं, वर स्लीव्ह बसवली. सामान पन्नास रुपयांच्या आतलं. वेळ अडीच तास. पुढचा सबंध पावसाळा आणि घाटाच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या, ते मिसिंग परत आलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. इंजेक्टर चांगलाच होता, तर तो बदलल्यावर गाडी आठ-दहा दिवस नीट का चालली? कारण इंजेक्टर बदलताना कपलर ओढला गेला, वायरिंग हललं, तो पिळाचा जोड थोडा सरकला आणि तांब्याचा एखादा स्वच्छ भाग दुसऱ्याला टेकला. प्लग-कॉईलच्या वेळीही तेच. कपलर नुसता काढून परत लावला तरी पिना घासून तात्पुरत्या साफ होतात. श्रेय मात्र नव्या पार्टला! नवस बोलल्यावर ताप उतरावा तसं. ताप उतरणारच होता, पण बोकडाचा जीव गेला. म्हणून मी म्हणतो की "बदलल्यावर चालली" हा पुरावाच नाही. मिस्त्रीही खोटं बोलत नसतो, त्यानेही डोळ्यांनी गाडी सुधारलेली पाहिलेली असते. फसवणूक झाली असं मला त्या गॅरेजबद्दल वाटत नाही. त्यांच्या पद्धतीत स्वतःची चूक कळायची सोयच नाही, हे माझं म्हणणं आहे.

अशी वेळ का आली, याचं एक कारण मला जुन्या कामाच्या वाटपात दिसतं. आपल्याकडे मेकॅनिक वेगळा आणि वायरिंगवाला वेगळा, बऱ्याचदा दुकानंही शेजारी शेजारी पण वेगळी. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडायचा, वायरिंगवाल्याने डायनामो, स्टार्टर, दिवे बघायचे. सीमा आखलेली होती. मग इंजेक्शन आलं. जगात ते जुनंच, बॉशची डी-जेट्रॉनिक पद्धत फोक्सवॅगनच्या गाड्यांत १९६७ मध्येच आली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिल्ली परिसरातल्या नव्या खासगी गाड्यांना १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ बंधनकारक केलं, आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. इंजेक्टर हा प्राणी अर्धा नोझल, अर्धा विजेचं वेटोळं. तो त्या सीमेवरच पडला. मेकॅनिकला वायरीची भीती, वायरिंगवाल्याला इंजिनाची. मधल्या मोकळ्या जागेत स्कॅनर येऊन बसला. २०१३ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ आलं, पुढे मोबाईलला जोडायचे स्वस्त डोंगल आले, आणि आता गल्लीतल्या कुणालाही कोड वाचता येतो. कोड वाचणं म्हणजेच निदान, अशी समजूत त्यातून पक्की झाली.

भर म्हणून सीएनजी. मुंबई-पुण्यात बाहेरून बसवलेल्या किटच्या गाड्या किती आहेत बघा. गाडी गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवायचे असतात, म्हणून किट बसवणारा त्यांच्या वायरी कापतो आणि मध्ये आपला कंट्रोलर घालतो. इंजेक्टर जागेवरच आहे असं ईसीयूला भासवणारं सर्किटही त्यातच असतं. म्हणजे प्रत्येक इंजेक्टरच्या सर्किटमध्ये दोन नवे जोड. काम चांगलं केलं असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. घाईत केलं असेल तर गाडी गॅसवर लोण्यासारखी आणि पेट्रोलवर मिसिंग. हा फरक एवढा बोलका आहे की सिलिंडर, प्लग, कॉईल सगळे एका फटक्यात निर्दोष ठरतात, कारण गॅसवर तेच तर चालतायत! तरी अशा गाड्यांचे प्लग बदलताना मी पाहिलंय.

आता दुसरी बाजू. आमच्या भागात एक गॅरेजवाला आहे, चाळिशीचा, आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेला, हुशार. त्याला मी हे सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे. पण मोजायचे पैसे कोण देतो?"

मी गप्प झालो खरं. अडीच तास शोधून पन्नास रुपयांचं काम निघालं, तर तो बिल कितीचं करणार? हजार रुपये मागितले तर गिऱ्हाईक म्हणणार, "एक वायर जोडायचे हजार?" तेच चार हजारांचा इंजेक्टर टाकला तर कुणी हूं की चूं करत नाही, वर पार्टवरचं मार्जिन सुटतं आणि काम तासाभरात उरकतं. डॉक्टरांनी तपासून "काही नाही, घरी जा" म्हटलं की आपल्याला फी जिवावर येते, पिशवीभर गोळ्या दिल्या की समाधान वाटतं, तशातली गत. पार्ट हातात धरता येतो. विचार हातात धरता येत नाही. कंपन्यांच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तर मॅन्युअलमध्ये पायरीपायरीने काय मोजायचं ते छापलेलं असतं. पण तिथल्या पोरांनाही दिवसाला किती गाड्या काढल्या याचं उत्तर द्यावं लागतं.

तेव्हा दोष एकट्या मिस्त्रीचा नाही, 'बदलून बघू'ची सवय आपण गिऱ्हाइकांनीच पैसे मोजून लावली आहे. आणि प्रत्येक वेळी मोजतच बसा असंही मी म्हणणार नाही. फ्यूज उडाला असेल तर आधी एकदा बदलूनच बघा. शेजारचा सारखाच रिले काढून लावून बघणं हीसुद्धा तपासणीच आहे, आणि फुकट आहे. तीन नंबरची कॉईल दोनवर लावली आणि दोष दोनवर गेला, तर ते निदान झालं. अदलाबदल करून बघणं आणि नवा पार्ट विकत घेऊन बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात प्रश्न विचारलेला असतो.

मोजण्याचेही नियम आहेत, ते न सांगता हा विषय सोडणं बरं नव्हे. बल्बची तपासणी फक्त सप्लायच्या बाजूला करायची. ईसीयूकडून येणाऱ्या वायरीला पॉझिटिव्हशी मोठा बल्ब जोडलात तर त्याच्या थंड फिलामेंटचा पहिला झटका आतल्या ट्रान्झिस्टरला झेपेलच असं नाही, आणि मग ईसीयू खरोखरच बदलायची वेळ येईल. त्या बाजूला कपलरमध्ये बसणारा छोटा टेस्ट लॅम्प किंवा एलईडी वापरतात. स्टार्टर मारला की तो लुकलुकतो. मल्टीमीटर तिथे कामाचा नाही, कारण आयडलला दीडशे मिलिसेकंदांतले तीनच मिलिसेकंद अर्थ मिळतो, मीटर सरासरी काढून चौदाच्या जवळचाच आकडा दाखवत राहतो. वायरीच्या इन्सुलेशनला पिन टोचून मोजायची सवय फार वाईट. त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन वर्षांनी नवा दोष जन्माला येतो. आणि हे सगळं साध्या पेट्रोल इंजेक्टरांबद्दल आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या पेट्रोल गाड्या आणि कॉमन रेल डिझेल यांच्या इंजेक्टरांना ईसीयू स्वतः वाढवलेलं व्होल्टेज देतो. तिथे घरचा बल्ब घेऊन जाऊ नका, शॉक बसेल.

मला स्वतःला एवढंच हवंय की बिलावर 'तपासणी' अशी वेगळी ओळ असावी आणि तिच्याखाली आकडे असावेत. जुना इंजेक्टर किती ओहम दाखवत होता? कपलरवर लोड देऊन किती व्होल्ट आले? आकडा नसेल तर पार्ट बदलायचा नाही. आणि दोष सापडला नाही तरी तपासणीचे पैसे द्यायचे, कारण कधी कधी तो खरोखरच सापडत नाही. गरम झाल्यावरच तुटणारा, खड्ड्यातच सुटणारा जोड अंगणात उभ्या गाडीत हजर होत नाही. तासभर इंजिन चालू ठेवून वायरिंग बोटांनी हलवत बसावं लागतं, तरी हुलकावणी देतो.

त्या गॅरेजवाल्याशी यावर बरीच हुज्जत झाली. शेवटी गेल्या महिन्यात त्याने पाटी लावली: इलेक्ट्रिकल तपासणी पाचशे रुपये, काम इथे केल्यास बिलातून वजा. परवा विचारलं, कसं चाललंय? म्हणाला, "पाटी वाचून निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजला जातात काका. दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर उतरवतो." मग हातातला बल्ब दाखवत म्हणाला, "पण पोरं आता स्कॅनरच्या आधी हा शोधायला लागलीत."